दुसऱ्या बाळंतपणात रजा कोणाची?

पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी, ही वाटणी महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत आजही गृहीत धरली जाते. ती कुठे लिहून ठेवलेली नाही आणि मोडली तर कोणी जाब विचारत नाही, फार तर बारशाला आलेली एखादी चुलत सासू "याही वेळी आईकडेच का गं?" एवढं विचारून पेढा तोंडात टाकते. तरीही दुसऱ्या खेपेला सातवा महिना लागला की हा विषय निघतोच. वाटणीमागे साधा व्यवहार होता. पहिलटकरीण घाबरलेली असते, सासरी पुरती रुळलेली नसते, दुखलंखुपलं सांगायला तिला आई जवळ हवी. दुसऱ्या वेळी ती सरावलेली असते, घरात तिचा शब्द चालायला लागलेला असतो, आणि तिच्या वडिलांवर पुन्हा तोच खर्च कशाला टाकायचा, हाही हिशेब असे. शिवाय सासरी माणसं असत. सासू, जावा, नणंदा आणि चुलत भावंडांचा घोळका. थोरलं मूल त्या घोळक्यात मिसळून जाई. आई सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत राहिली तरी त्याचं जेवण, अंघोळ, झोप अडत नसे.

आता वाटणी शिल्लक आहे, माणसं पांगली आहेत. पुण्यात हिंजवडीजवळ, नवी मुंबईत किंवा नाशिकच्या एखाद्या सोसायटीत दोन बेडरूमच्या घरात नवरा-बायको आणि तीन-चार वर्षांचं एक मूल राहतं. एका आजीच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली असते, दुसरी आजी स्वतःच्या ऐंशी पार केलेल्या आईचं करत असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ निघाला. म्हणजे दुसरं मूल होऊ देणं ही आता सरसकट होणारी गोष्ट राहिलेली नाही. ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांनी पैशाचा, जागेचा, शाळेच्या फीचा विचार बहुधा केलेला असतो. पहिल्या चाळीस दिवसांचा विचार मात्र "एकदा केलंय ना, होईल सगळं" म्हणत पुढे ढकलला जातो.

अनुभव उपयोगी पडतो, यात शंका नाही. बाळाला उचकी लागली म्हणून रात्री दोन वाजता कोणी डॉक्टरांना फोन लावत नाही. सुरुवातीला बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, हे ठाऊक असतं. दूधही बहुधा लवकर येतं. पण अनुभवाने शरीराचं दुखणं कमी होत नाही. गर्भाशय पूर्ववत होताना ज्या कळा येतात त्या पहिल्या बाळंतपणात जेमतेम जाणवतात. दुसऱ्या वेळी त्या जास्त जोराच्या असतात आणि नेमक्या बाळाला पाजायला घेतलं की येतात. हे बहुतेकींना आधी कोणी सांगितलेलं नसतं. महाराष्ट्रात आता चारातलं साधारण एक बाळंतपण सिझेरियनने होतं, आणि पहिलं तसं झालं असेल तर दुसरंही तसंच होण्याची शक्यता मोठी. म्हणजे टाक्यांवर टाके.

त्यात तो प्रसिद्ध सल्ला: बाळ झोपलं की तूही झोप. पहिल्या वेळी याच्याइतका चांगला सल्ला दुसरा नाही. दुसऱ्या वेळी बाळ झोपतं तेव्हा थोरलं जागं असतं, आणि थोरलं झोपलं की बाळ उठतं. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं. एका वेळेला अर्धा तास धरला तरी ४ ते ६ तास नुसते पाजण्यात जातात. थोरल्याला भूक लागणं, शी येणं, सोफ्यावरून पडणं, रुसणं हे सगळं त्याच तासांत घडतं, कारण आई आता जागेवरून उठू शकत नाही हे त्याला चांगलं कळलेलं असतं.

माझ्या मते दुसऱ्या बाळंतपणाचा सगळा विचार इथून सुरू व्हायला हवा. बाळाच्या गरजा मोजक्या आहेत: दूध, ऊब, कोरडं दुपटं, आईचा वास. त्याला घर माहेरचं की सासरचं याच्याशी देणंघेणं नाही. अडचण होते ती थोरल्याची. तीन वर्षांचं मूल साधारण १४ किलोचं असतं आणि सिझेरियन झालेल्या बाईला पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका असं सांगितलेलं असतं. ते मूल दोन्ही हात वर करून समोर उभं राहतं आणि आईला नाही म्हणावं लागतं. घरातले सगळे त्याला आता 'दादा' किंवा 'ताई' म्हणत असतात. त्याच्या बाजूने पाहिलं तर पदरात काही पडलेलं नसतं, फक्त मांडी गेलेली असते. मग सुटलेली बाटली पुन्हा मागणं, अंथरूण ओलं करणं, बोबडं बोलणं, बाळाचा गालगुच्चा जरा जास्तच जोरात घेणं सुरू होतं. बालरोगतज्ज्ञ याला आजार मानत नाहीत. रागावलं नाही तर ते काही आठवड्यांत ओसरतं. त्यासाठी मुलाला रोज, ठरलेल्या वेळी, ओळखीचं आणि निवांत असलेलं एक माणूस लागतं. निवांत हा त्यातला महाग भाग.

आता माहेरची बाजू. ती हलकी नाही. टाके ओढतायत, अंगावरून जास्त जातंय, दुधाच्या गाठी होऊन छाती दगडासारखी झालीय, हे सासूला किंवा नवऱ्याला सांगायला बाई दोन दिवस लावते. आईला तोंडाकडे बघून समजतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, जेवणानंतर बाळंतशोपा हे सासरीही मिळतं; पण माहेरी ते मागावं लागत नाही आणि खाऊन ताट तिथेच ठेवता येतं. सासरी विश्रांतीचं वेळापत्रक कागदावर सव्वा महिन्याचं असलं तरी तिसऱ्या आठवड्यात बाळंतीण पोळ्या लाटताना दिसते. कोणी तिला तसं सांगितलेलं नसतं, कोणी उठवतही नसतं. माहेरी थोरल्याचंही बरं चालतं. आजोबा त्याला दूध आणायला सोबत नेतात, मामा गाडीवरून फिरवतो, अंगण असेल तर दिवस कुठे गेला कळत नाही. गंमत म्हणजे आजीबाईंचा सव्वा महिना आणि वैद्यकशास्त्राने बाळंतिणीच्या शरीराला सावरायला दिलेले ४२ दिवस यांच्यात आठवड्याचाही फरक नाही.

विरुद्ध बाजूला तीन गोष्टी आहेत. पहिलं बाळंतपण सिझेरियनने झालेलं असेल तर दुसऱ्या वेळी शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय हाताशी असलेलं रुग्णालय लागतं, आणि सगळ्यांची माहेरं अशा रुग्णालयाजवळ नसतात. दुसरी गोष्ट शाळेची. छोट्या गटातल्या मुलाची शाळा दोन महिने बुडाली तर अभ्यासाचं काही नुकसान होत नाही, असं म्हणून हसण्यावारी नेता येईल. उलट बालवाडीतून येणारी सर्दी टळते हा फायदाही सांगता येईल. जन्मतः बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हेपॅटायटिस बी दिल्यावर बाळाच्या पुढच्या लसी सहाव्या आठवड्यात असतात, तोवर घरात शेंबडं नाक नको हे खरंच. पण थोरल्याच्या आयुष्यात सगळंच बदलत असताना त्याच्या बाई, त्याचा डबा आणि त्याची बसायची जागा एवढंच काय ते जुनं राहिलेलं असतं. तेही काढून घ्यायचं का?

तिसरी गोष्ट सगळ्यांत जड आहे. माहेरी गेलं की बाप मागे राहतो. तो शनिवारी येतो, येताना फळं आणतो, बाळाकडे वाकून बघतो, जावई म्हणून त्याला चहा-पोहे मिळतात, आणि रविवारी संध्याकाळी परत जातो. पाहुणा म्हणून तो बाळाला भेटतो आणि दोन-तीन महिन्यांनी एक चांगलं रुळलेलं बाळ त्याच्या घरी येतं. थोरल्याच्या बाबतीत तर ज्या महिन्यात आईची मांडी गेली त्याच महिन्यात बापही नजरेआड होतो. काही घरांत याच्यावर उपाय म्हणून थोरल्याला बापाकडे ठेवून आई एकटी जाते. हा पर्याय मला सर्वांत वाईट वाटतो. आई गायब झाली आणि परत आली तेव्हा तिच्या कुशीत दुसरंच कोणी होतं, असा त्याचा अर्थ तीन वर्षांच्या मुलाला लागला तर दोष त्याचा नाही. बाकी काहीही ठरवा, थोरल्याला मागे ठेवू नये.

मधला मार्ग म्हणून आपल्याच घरी राहायचं आणि मदत बोलवायची, हे आता शहरांत वाढलं आहे. कधी एक आजी येते, कधी दोन्ही. दोन विहिणी एका स्वयंपाकघरात चाळीस दिवस, हा प्रयोग ज्याने जवळून पाहिला आहे त्याला जास्त सांगायला नको. ज्यांना परवडतं ते बाळंतिणीचं करणारी बाई ठेवतात. मुंबईत त्यांना 'जापा' म्हणतात, इतरत्र मालिशवाल्या मावशी सकाळी दोन तास येऊन आई-बाळाला तेल लावून न्हाऊ घालून जातात. चांगल्या हाताची मावशी मिळाली तर तिच्यासारखं सुख नाही. दुसऱ्या वेळी एक फायदाही असतो: बाळंतीण नाही म्हणायला शिकलेली असते. कोंदट खोलीत धुरी नको, बाळाला मध चाटवू नका, काजळ नको, त्याची छाती दाबून 'दूध' काढू नका, हे पहिल्या वेळी ओठांवर येऊन परत गेलेलं असतं. मधाबद्दल तर तडजोड नकोच. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतल्या मुलाला बोटुलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. तेल, शेक, लाडू, झोप हे मात्र आनंदाने घ्यावं.

पण या मदतीला मर्यादा आहे. पैसे देऊन आणलेली बाई बाळाची आणि बाळंतिणीची असते. थोरल्याचं करणं तिच्या कामात धरलेलं नसतं. आणि आजीचे कष्ट आपण फुकट धरतो ते बरोबर नाही. आईपणाचं वय पुढे सरकलं तसं आजीपणाचंही सरकलं. पासष्टीच्या बाईने दिवसभर स्वयंपाक करून वर तीन वर्षांच्या मुलामागे धावायचं आणि रात्री बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायच्या, ही अपेक्षा प्रेमाच्या नावाखाली खपून जाते. अमेरिकेतल्या मराठी घरांत तर आजी-आजोबांच्या सहा महिन्यांच्या मुक्कामाच्या मुदतीभोवती सगळं बाळंतपण बेतलेलं असतं. आधी एका बाजूचे, ते परतले की दुसऱ्या बाजूचे. आणि दोघेही येऊ शकले नाहीत तर तिथला बाप निमूटपणे सगळं शिकतो. न्यू जर्सीतला मुलगा लंगोट बदलतो याचं चारचौघांत कौतुक सांगणारी आई, कोथरूडमधल्या मुलाने हात लावला की "राहू दे रे तू" म्हणते. हे मी एकाच घरात, एकाच आईच्या तोंडून ऐकलेलं आहे.

तर बाप. पहिल्या बाळंतपणात बापाने घरी बसून करायचं काय, हा प्रश्न अगदीच चुकीचा नसतो. घरात दोन-तीन अनुभवी बायका असतात, बाळ एकच असतं, आणि त्याला दूध बाप पाजू शकत नाही. तो औषधं आणतो, बिलं भरतो, फोटो काढतो. दुसऱ्या वेळी परिस्थिती उलटी होते. घरात एक माणूस असं असतं की ज्याला नेमका तोच हवा असतो. थोरल्याला उठवणं, दात घासून देणं, डबा भरणं, शाळेत सोडणं आणि आणणं, अंघोळ, गोष्ट, रात्री झोपवणं, हे सगळं दुधावाचून होण्यासारखं आहे. आजीने केलं तर थोरल्याला आईची जागा भरून काढणारं कोणी मिळतं. बापाने केलं तर त्याला त्याच्या आईबापांपैकी एक अख्खा मिळतो. म्हणून रूढ समजुतीच्या उलट मला असं म्हणायचं आहे की बापाच्या रजेची खरी गरज पहिल्यापेक्षा दुसऱ्या बाळंतपणात जास्त आहे. पहिल्या वेळी त्याचं घरी असणं चांगलं; दुसऱ्या वेळी त्यावाचून अडतं.

याला पुरुषांपेक्षा बायकांचाच आक्षेप जास्त ऐकू येतो, आणि तो ऐकण्यासारखा आहे. "नवरा घरी असला की माझं काम वाढतं. त्याला चहा, त्याचं जेवण, त्याचे भेटायला येणारे मित्र, आणि दिवसभर हातात मोबाईल." आकडे या बायकांच्या बाजूने आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणारे पुरुष २६ टक्के आणि बायका ८१ टक्के निघाल्या. जे करतात त्यांच्यातही पुरुषांचा दिवसाचा वेळ ९७ मिनिटं, बायकांचा २९९. ज्याला कुकरच्या शिट्ट्या मोजायची सवय नाही तो पंधरा दिवसांत काय दिवे लावणार, ही शंका रास्तच आहे. पण तिचं उत्तर त्याला रजा न देणं हे नव्हे. आधीच्या दोन-तीन महिन्यांत थोरल्याची सकाळ आणि रात्र त्याच्या ताब्यात देणं हे उत्तर आहे. ज्या मुलाला बापाच्या हातून झोपायची सवय आहे ते बाळ आल्यावर आईसाठी कमी रडतं. आणखी एक आक्षेप हळव्या जागेचा आहे: पहिल्या दिवसांत काही बायकांना नवरा जवळ नकोच असतो, आई किंवा बहीण हवी असते. ती इच्छा मोडू नये. बापाने थोरल्याला घेऊन बागेत जावं, हीसुद्धा रजा वापरायची चांगली तऱ्हा आहे.

प्रश्न मग घरातून कचेरीत जातो. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, पहिल्या दोन मुलांसाठी. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोनदा सुट्टी देण्याचं कलम आधीपासून होतंच. या कायद्याने बापासाठी एक दिवसही ठेवला नव्हता. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना मात्र सेवानियमांनुसार १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. ती बाळंतपणाच्या १५ दिवस आधीपासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते, त्या काळात घेतली नाही तर बुडते. खासगी नोकरीत सगळं कंपनीच्या मर्जीवर. काही कंपन्या चांगली रजा देतात. अनेक ठिकाणी दोन दिवस मिळतात, आणि तिसऱ्या दिवशी "मिटिंगला पाच मिनिटं ऑनलाइन ये" असा निरोप येतो.

मालकांची बाजूही पाहायला हवी. २६ आठवड्यांच्या पगाराचा भार कर्मचारी राज्य विमा योजनेच्या बाहेरच्या नोकऱ्यांत सरळ मालकावर पडतो. मोठ्या कंपनीला तो झेपतो. छपाईच्या छोट्या कारखान्याला किंवा दवाखान्याला झेपत नाही, आणि मग लग्नाच्या वयाची मुलगी मुलाखतीतच गळते. त्यात बापांची भर कशाला? याला माझं उत्तर दुहेरी आहे. पुरुषालाही रजा लागणार हे ठरलं तर मुलाखतीतला तो फरक निदान थोडा कमी होईल. आणि खर्च मालकाच्या खिशातून थेट काढण्याऐवजी विम्याच्या वाटेने काढावा. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक बाईला आज तिच्या रजेचे पैसे कर्मचारी राज्य विमा महामंडळच देतं. त्याच योजनेत बापाचे पंधरा दिवस बसवणं हा खर्चाने मोठा पण अशक्य नसलेला बदल आहे. रजा बापाच्या नावाची आणि त्याने न घेतल्यास बुडणारी असावी, एवढी अट मात्र हवी. स्वीडनने १९७४ साली आईबापांना मिळून रजा दिली तेव्हा ती बहुतेक आयाच घेत राहिल्या. १९९५ पासून त्यातला एक महिना दोघांसाठी प्रत्येकी राखीव करावा लागला. आज तिथे ४८० दिवसांपैकी ९०-९० दिवस राखीव आहेत. आपल्याला ४८० दिवस परवडणार नाहीत. राखीव ठेवण्याची अक्कल उसनी घ्यायला पैसे लागत नाहीत.

हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली पितृत्व लाभाचं खासगी विधेयक आणलं होतं. पंधरा दिवस, आणि पुढे ती मुदत तीन महिन्यांपर्यंत वाढवता यावी, असा त्याचा गाभा होता. असंघटित कामगारांनाही त्यात धरलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. सातव २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत गेले.

असंघटितांचा उल्लेख झाला म्हणून थांबायला हवं, कारण वरची सगळी चर्चा पगाराच्या स्लिपवाल्यांची आहे. बीडहून ऊसतोडीला जाणारं जोडपं मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते, काम बुडालं की खाडा पडतो. हंगामात कारखान्याजवळच्या कोपीत बाळंतपण झालं तर चाळीस दिवस राहोत, चार दिवसांची विश्रांतीही हिशेबात धरलेली नसते, आणि धाकट्याची झोळी हलवायला चार-पाच वर्षांचं थोरलंच असतं. इथे बापाच्या रजेची मागणी करणं थट्टेसारखं वाटेल. इथे रोख रकमेचा प्रश्न आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात प्रत्येक गरोदर आणि स्तनदा आईला किमान ६ हजार रुपये असं म्हटलेलं आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून मात्र पहिल्या मुलासाठी ५ हजार मिळतात, आणि दुसऱ्यासाठी ६ हजार, तेही दुसरी मुलगी झाली तरच. मुलीच्या जन्माचं स्वागत व्हावं हा हेतू समजतो, आणि आपल्या राज्याचा गर्भलिंग निदानाचा इतिहास पाहता त्याला विरोध करवतही नाही. पण दुसरा मुलगा झालेल्या आईचे टाके काही कमी दुखत नाहीत. कायदा 'प्रत्येक' म्हणत असेल तर मुलगीवालीला वरून काही जास्त द्यावं. दुसरीच्या हातून काढून घेऊ नये.

आरोग्यसेवेनेही दुसऱ्या खेपेच्या बाईला 'हिला सगळं येतं' या खात्यात टाकलेलं असतं. आशाताईंनी रुग्णालयातून घरी आलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटायचं असतं. ही पद्धत जिथून देशभर गेली ते ठिकाण आपलंच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरल्याचा निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ज्या सोसायटीच्या दारावर सुरक्षारक्षक नाव लिहून घेतो तिथे आशाताई सहसा पोचत नाहीत. तिथल्या बाळंतिणीला सहा आठवड्यांत बाळाबद्दल पन्नास जण विचारतात आणि तिच्याबद्दल जवळजवळ कोणीच नाही. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या भारतातल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के होतं. पहिलं बाळंतपण सुरळीत गेलं म्हणजे दुसऱ्या वेळी ते होत नाही, असं काही नाही. दोन आठवड्यांनंतरही रडू थांबत नसेल, बाळ झोपलेलं असूनही झोप लागत नसेल, तर 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलतो.

या सगळ्याचं वजन करून माझा कौल असा. बापाला किमान पंधरा दिवसांची खरी रजा मिळत असेल, आणि तो ती थोरल्यासाठी वापरणार असेल, तर दुसरं बाळंतपण आपल्याच घरी व्हावं. आजी किंवा मावशी बाळंतिणीसाठी, बाप थोरल्यासाठी. ती रजा मिळत नसेल, किंवा मिळूनही नवऱ्याच्या हातून काही होणार नाही हे घरात सगळ्यांना माहीत असेल, तर थोरल्याला बरोबर घेऊन माहेरी जावं आणि वाटणीची चर्चा लोकांवर सोडावी. सासर-माहेरचा मान या हिशेबात कुठेच येत नाही. राज्य सरकारने आणि पुण्या-मुंबईतल्या मोठ्या कंपन्यांनी कायद्याची वाट न बघता पंधरा दिवस आपल्या नियमांत लिहावेत. त्याआधी कोणाच्या मर्जीने मिळालेली रजा ही रजा नव्हे.

आणि ज्यांच्या घरी येत्या दोन-तीन महिन्यांत दुसरं बाळ येणार आहे त्या बापांना एवढंच: अर्ज आत्ताच टाका, कामाचा ताबा कोणाला द्यायचा ते लेखी ठरवा, आणि थोरल्याच्या बालवाडीच्या बाईंना जाऊन सांगून या. येत्या सोमवारपासून त्याचा डबाही तुम्हीच भरायला घ्या.